देवावर भार : डोंगरे कुटुंबाचा दुष्काळ आणि केडगावच्या विहिरी

‘देवावर भार टाकला’ असे आपण दोन अगदी निराळ्या माणसांविषयी म्हणतो. एक, हातपाय गाळून बसलेला. दुसरा, करण्यासारखे सगळे करून झाल्यावर निकालाची काळजी सोडून दिलेला. शब्द तेच, पण या दोघांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. धर्मग्रंथांत आणि कीर्तनांत या अंतराची चर्चा पुष्कळ होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती हवेत करता येत नाही. त्याला माणसे, साल आणि जागा लागते. असे एक घराणे आपल्याकडे आहे, जिथे बापाने एका दुष्काळात देवावर भार टाकला आणि मुलीने पुढच्या दुष्काळांत. पहिल्याचा शेवट एका पवित्र तळ्याच्या काठापर्यंत गेला. दुसऱ्यातून जवळजवळ दोन हजार बायका-मुलींना राहते घर मिळाले. बाप म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे आणि मुलगी पंडिता रमाबाई.

रमाबाईंविषयी मराठीत लिहिले गेले आहे ते बहुतेक त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाविषयी किंवा धर्मांतराच्या वादाविषयी. देवदत्त नारायण टिळकांचे चरित्र, मीरा कोसंबींनी केलेले संकलन आणि विवेचन, यांमुळे सामग्रीची उणीव राहिलेली नाही. माझा प्रश्न त्या मानाने लहान आहे. दुष्काळात आई, बाप, बहीण गमावलेली आणि त्यानंतर देवावरचा विश्वासच उडालेली ही बाई पुन्हा विश्वास ठेवायला शिकली कशी आणि नेमके काय शिकली? यासाठी मी मुख्यतः त्यांचे दोन लेख समोर ठेवले आहेत : १८९७ साली दुष्काळाच्या अनुभवांवर लिहिलेले टिपण आणि १९०७ सालचे आत्मनिवेदन. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही ख्रिस्ती झाल्यानंतरची आणि बऱ्याच अंशी परदेशी हितचिंतकांच्या वाचनासाठी लिहिलेली. बापाच्या श्रद्धेकडे त्यांत मुलीच्या नंतरच्या चष्म्यातून पाहिलेले आहे, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते. तरीही वडिलांविषयीचा जिव्हाळा त्यांत कुठेही लपत नाही, आणि म्हणूनच मला ती साक्ष भरवशाची वाटते.

अनंतशास्त्री हे दैववादी, निष्क्रिय गृहस्थ होते असा समज कुणी करून घेऊ नये. मंगळूरकडच्या चित्पावन घराण्यातला हा विद्वान पुण्यात शिकायला होता. तिथे पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवले जाते हे पाहून त्याने ठरवले की आपल्या बायकोलाही शिकवायचे. भाऊबंदांनी विरोध केला, धर्मबाह्य वर्तनाचा आरोप ठेवला. शास्त्रीबुवांनी उडुपीच्या विद्वानांपुढे ग्रंथांचे आधार मांडून स्त्रियांना संस्कृत शिकण्याचा अधिकार आहे हे पटवून दिले. पुढे सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात आश्रम बांधून ते राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात होते नव्हते ते संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. सहा महिन्यांची रमा वेताच्या पेटीत बसून नोकराच्या डोक्यावरून निघाली, ही हकीकत सर्वपरिचित आहे. मंदिरांत, घाटांवर पुराण सांगायचे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची आणि उरलेले दानधर्मात घालायचे, असा तो संसार होता. आई लक्ष्मीबाईंनी रमेला संस्कृत शिकवले ते याच भटकंतीत.

मद्रास इलाख्यातला मोठा दुष्काळ सरकारी हिशेबात १८७६ ते १८७८ असा धरतात. बळींची संख्या पन्नास लाखांच्या पुढे मानली जाते. सरकारने कामावरच्या मजुराला दिवसाला रतलभर धान्य आणि वर थोडे पैसे असे प्रमाण ठरवले. ते ठरवणाऱ्या सर रिचर्ड टेंपलच्या नावाने ती मजुरी कुप्रसिद्ध झाली. पण रमाबाई सांगतात की हा दुष्काळ कळसाला पोचण्याच्या किमान तीन वर्षे आधीच सुरू झाला होता. डोंगरे कुटुंबाची वाताहत झाली ती १८७४ साली, सरकारदरबारी दुष्काळाची नोंदही नव्हती तेव्हा.

या काळात शास्त्रीबुवांनी काय केले? ग्रंथांत सांगितलेले सगळे केले. पोथ्यांप्रमाणे अनुष्ठाने झाली, पवित्र नद्यांत स्नाने झाली, उपवास, प्रदक्षिणा, जप झाले. ब्राह्मणांना दक्षिणा दिली आणि देव प्रसन्न होऊन संकट निवारण करील याची वाट पाहिली. पैसा संपल्यावर दागिने गेले, मग चांदीची भांडी, मग कपडे, शेवटी पितळेची भांडीसुद्धा विकली आणि त्यातूनही दान चालूच राहिले. काम करण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. रमाबाई याचे कारण स्पष्ट सांगतात. घरात पोट भरण्याची लौकिक विद्या कुणालाच शिकवलेली नव्हती, आणि मजुरी करणे किंवा भीक मागणे हे त्यांच्या जातीच्या आणि विद्वत्तेच्या अभिमानाला झेपणारे नव्हते.

हे वाचताना माझे लक्ष वेधून घेतले ते एका गोष्टीने. शास्त्रीबुवांनी देवाच्या स्वाधीन सगळे केले : धन, अन्न, शरीर, बायकोमुले. स्वाधीन केली नाही ती फक्त प्रतिष्ठा. तिरुपतीच्या मुक्कामात शेवटचा दाणा संपला तेव्हा कुटुंबाने मसलत केली. निर्णय असा झाला की आपल्या लोकांत दारिद्र्याची लाज सोसण्यापेक्षा रानात जाऊन मेलेले बरे. त्याच रात्री सगळे रानात शिरले. पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढले. मग दृष्टी गेलेल्या त्या म्हाताऱ्याने ठरवले की जवळच्या पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायची. पवित्र पाण्यातला मृत्यू हा आत्मघात मानला जात नाही. एकेकाचा निरोप घेत तो धाकट्या मुलीपाशी आला. तिला मिठीत घेऊन, चाचपत तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवत त्याने तिला सांगितले की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

त्या क्षणी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. परत चला, मी हमाली करीन, मजुरी करीन, पण तुम्हाला जगवीन, असे त्याने सांगितले. सगळे माघारी फिरले.

रमाबाईंच्या चरित्रात श्रीनिवासाला फार जागा मिळत नाही. तो बहिणीच्या मागे उभा असलेला भाऊ एवढाच उरतो. माझ्या मते या सगळ्या कथेतली पहिली खरी शरणागती त्याची आहे. बापाने जे शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवले होते ते त्याने तळ्याकाठी सोडून दिले. त्यात कुठलाही विधी नव्हता, देवाचे नावही नव्हते.

वडील तरीही वाचले नाहीत. गावाबाहेरच्या एका पडक्या देवळात आसरा मिळाला, अन्नही मिळाले, पण शरीरात ते पचवण्याची ताकद उरली नव्हती. थोड्याच आठवड्यांत आई गेली. ती तापात अन्न मागत होती, म्हणून रमा शेजारच्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तोंडातून शब्द फुटला नाही, डोळ्यांतून पाणी आले. त्या बाईने बाजरीची भाकरी दिली. पण आईला ती खाता आली नाही. काही महिन्यांनी थोरली बहीण पटकीने गेली. उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी की दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत उतरून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. खायला असे ते भिजवलेले धान्य आणि मीठ. तीर्थे, व्रते त्यांनी तरीही पाळली. मग हळूहळू दोघांच्याही ध्यानात आले की पोथ्यांतल्या सगळ्या अटी पाळून झाल्या आहेत आणि पोथ्यांत कबूल केलेले काहीच घडलेले नाही.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यात पोचली तेव्हा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलीचा जुना देव गेलेला होता आणि नवा कुणी आलेला नव्हता. १८८० मध्ये भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेला. पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे : पुण्यात आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, १८८३ मध्ये इंग्लंड, आणि त्याच वर्षी वाँटेज येथे बाप्तिस्मा.

धर्मांतराने प्रश्न सुटला, असे मिशनरी चरित्रे सुचवतात. रमाबाई स्वतः तसे म्हणत नाहीत. त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतरची सात-आठ वर्षे त्यांना धर्म मिळाला होता, पण ज्याच्यावर भरवसा टाकावा असा कुणी मिळाला नव्हता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार या दृष्टीने विलक्षण आहे. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. चर्चचा अधिकार मुकाट मान्य करावा असे इंग्रज मंडळी सांगत होती आणि ही तरुण विधवा त्यांना उत्तर देत होती की पुरोहितांच्या जोखडातून मी एकदा सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांपुढे मान झुकवण्यासाठी नव्हे. ज्यांना शरणागती म्हणजे आज्ञाधारकपणा वाटतो त्यांनी ही पत्रे जरूर वाचावीत. देवापुढे वाकायला शिकणारी ही बाई माणसांपुढे अधिकाधिक ताठ होत गेली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. त्यामागे बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांची हमी होती. दरसाल वर्गणी येणार, हिशेब जाणार, असा पक्का पाया. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याचा वाद पेटला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात सगळा दोष ‘केसरी’च्या माथी मारण्याची आता रूढी झाली आहे, ती मला पटत नाही. मुलींच्या घरच्यांनी धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर मुली पाठवल्या होत्या. आपल्या प्रार्थनेचे दार उघडे ठेवणे हा रमाबाईंचा हक्क होता हे खरे, पण ज्या आईची मुलगी त्या दारातून आत गेली तिची तक्रारही खोटी नव्हती.

याच सुमारास रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हेतू अगदी व्यवहारी होता. हमीची दहा वर्षे १८९८ ला संपणार होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदन पुढे चालवावे. त्याच काळात त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र आले. म्यूलरने दोन हजारांवर अनाथ मुले सांभाळली. गरज पडली की ती कुणाही माणसाला न सांगता फक्त प्रार्थनेत सांगायची, हा त्याचा नेम होता. हिंदुस्थानात असे जगणे शक्य आहे का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. ज्या मुलीने बापाची अनुष्ठाने पाहिली होती तिला हा प्रश्न पडणे सोपे नव्हते. देव देईल म्हणून वाट पाहण्याचा शेवट कसा होतो हे तिने तिरुपतीच्या रानात पाहिलेच होते.

उत्तर शोधण्याची वेळ १८९६ च्या अखेरीस आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदनात जागा पाच-सहा डझन मुलींपुरती होती, जादा पैसा नव्हता. रमाबाई तिकडे गेल्या. मदतकेंद्रे आणि गरीबखाने त्यांनी पाहिले. तिथे उपाशी मुलींना फूस लावून नेणारे लोक कसे टपून बसलेले असतात, ते पाहून त्यांनी निर्भीडपणे लिहिले. पहिल्या तुकड्या पुण्यात आणल्या, तोच पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले आणि सगळ्यांना केडगावच्या मोकळ्या माळावर हलवावे लागले. घरे नव्हती, तंबू आणि गवताची छपरे होती. काही महिन्यांत संख्या तीनशेच्या घरात गेली. फळबागेची जागा ‘मुक्ती’ झाली ती अशी. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत, तिकडे ज्याला छप्पनिया म्हणतात तो दुष्काळ पडला आणि तिथल्याही मुली आल्या. १९०० च्या सुमारास केडगावात एकोणीसशेच्या आसपास माणसे होती. आलेल्या सगळ्याच जगल्या नाहीत. फार उशिरा अन्न मिळालेल्या शरीराचे काय होते हे रमाबाईंना वडिलांच्या मरणापासून ठाऊक होते.

अमेरिकेची जुनी हमी आता संपत आली होती आणि तोंडे तीसपट झाली होती. हिशेबी माणूस अशा वेळी संख्या आवरतो. रमाबाईंनी तसे केले नाही. पण त्यांनी केले काय तेही पाहिले पाहिजे. विहिरी खणल्या. जमीन नांगरली, गुरे बाळगली, तेलाचा घाणा घातला, हातमाग लावले, छापखाना काढला. शिवणकाम, स्वयंपाक, शिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा, सगळे त्या मुलींनीच करायचे. अनंतशास्त्र्यांच्या घरात ज्या लौकिक विद्येचा अभाव होता ती केडगावात प्रत्येकीच्या हातात होती. ब्राह्मणाच्या विधवेपासून खेड्यातल्या मजुराच्या मुलीपर्यंत कुणालाही कुठलेही काम हलके नव्हते. तळ्याकाठी श्रीनिवासाने जे एकट्याने केले ते इथे संस्थेचा नियम झाले.

विहिरींची हकीकत रमाबाईंनी स्वतः सांगितली आहे. पावसाने ओढ दिलेल्या त्या वर्षी एवढी माणसे, शंभरावर गुरे आणि बांधकाम यांना दोन विहिरींचे पाणी लागे. संध्याकाळी तळ दिसायचा, सकाळी पुन्हा दिवसभर पुरेल एवढे पाणी असायचे. त्यांच्या मते ही देवाची कृपा. दख्खनच्या काळ्या पाषाणातली विहीर ज्याने पाहिली आहे तो सांगेल की खडकाच्या भेगांतले झरे उपसा थांबल्यावर रात्रभर पाझरतात. मला या दोन म्हणण्यांत भांडण दिसत नाही. झरा कुणाचा हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तो मिळावा म्हणून खडक कुणी फोडला हे मात्र नोंदलेले आहे.

पैशाची गोष्टही अशीच आहे. ‘मागणे फक्त देवापाशी’ हे धोरण होते, पण ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्रक निघत होते, त्यात संस्थेची हकीकत छापून परदेशांत जात होती आणि ते वाचून लोक पैसे पाठवत होते. म्यूलरचेही वार्षिक अहवाल निघतच असत. टीकाकार याला ढोंग म्हणतील. मला ते ढोंग वाटत नाही, पण चमत्कारही वाटत नाही. रमाबाईंनी सोडली होती ती पुढच्या वर्षीच्या रकमेची हमी. कामाची माहिती देणे त्यांनी सोडले नव्हते. ज्या गावच्या सावकाराने कबुली दिलेली नाही त्याच्या भरवशावर एकोणीसशे माणसांची उद्याची भाकरी ठरवायची, हे करायला वेगळेच काळीज लागते. आणि इथे एक अडचणीचा प्रश्न उरतो, तो झाकून ठेवू नये. उपासमारीतून उचलून आणलेल्या मुलीला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? भाकरी देणाऱ्या हातापुढे ‘नाही’ म्हणता येते का? १८९३ मध्ये निदान पालक तरी विचारायला होते. दुष्काळात आलेल्या मुलींच्या बाजूने विचारणारे कुणी नव्हते. रमाबाईंच्या लेखनात या प्रश्नाची खंत मला आढळली नाही.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत हीच कसोटी पुन्हा आली, या वेळी दुष्काळाशिवाय. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे चालवले होते. कान जवळजवळ निकामी झाले होते. संस्थेचा पुढचा भार मनोरमेवर, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. ती जुलै १९२१ मध्ये वारली. हमी म्हणावी अशी ही शेवटची होती. रमाबाईंनी भाषांतराचे कागद पुन्हा पुढे ओढले. काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांवर छापले गेले.